72 नंबरची सायकल : अल्फोन्सिना स्त्रादाची कारकीर्द

साकोलीहून एकोडीला येताना शाळा सुटायची वेळ झाली होती. रस्त्याच्या कडेनं मुलींच्या सायकलींची रांग, दप्तरं कॅरियरला, ओढण्या कमरेला बांधलेल्या, दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या. आमची गाडी आपोआप हळू झाली. आज जिच्याबद्दल बोलायचं ठरवून आलो, तिची गोष्ट कुठून सुरू करायची हे वाटेत ठरत नव्हतं, ते तिथं ठरलं.

कारण ही बाईसुद्धा धानाच्या मुलखातलीच. युरोपात धान पिकतं हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. इटलीच्या उत्तरेला पो नदीचं खोरं आहे, तिथं शेकडो वर्षं भात होतो. 1900 च्या सुमारास तिथल्या चिखलात, गुडघाभर पाण्यात वाकून रोवणी-निंदण करणाऱ्या बहुतेक बायाच असायच्या. त्यांना तिकडे मोंदिने म्हणत. हंगाम आला की एमिलिया भागातल्या गरीब घरांतून बाया टोळीनं पश्चिमेच्या धानपट्ट्यात मजुरीला जायच्या. हे चित्र तुम्हाला वेगळं समजावून सांगायला नको.

या एमिलियात कास्तेलफ्रांको नावाचं गाव आहे. तिथं 16 मार्च 1891 ला एका शेतमजुराच्या घरी मुलगी जन्मली, अल्फोन्सिना मोरिनी. घरात खाणारी तोंडं पुष्कळ, जमीन नाही. ती दहा वर्षांची असताना बापानं एक जुनाट सायकल घरी आणली. कोंबड्या देऊन त्या बदल्यात आणली असं सांगतात. असेलही. कोंबड्यांचा हिशेब कुणी लिहून ठेवत नाही, पण गरिबाच्या घरी सायकल रोख पैशानं येत नसे एवढं त्यातून कळतं. सायकल आणली ती बापाला कामावर जायला. पोरीनं ती पळवली. दांड्याखालून पाय घालून चालवायला शिकलेले इथं बरेच जण बसलेत, तेव्हा तिनं ती कशी चालवली असेल ते तुम्हीच डोळ्यासमोर आणा.

गावात बोंबाबोंब झाली. स्कर्ट घातलेला सैतान, अशा अर्थाचं नाव लोकांनी तिला ठेवलं. आईबापांनी तिला शिवणकामाला घातलं. ती रविवारी चर्चला जाते म्हणून घराबाहेर पडायची आणि शेजारच्या गावातल्या शर्यतीत उतरायची. तेराव्या वर्षी एका शर्यतीत बक्षीस म्हणून तिनं जिवंत डुक्कर जिंकून आणलं, असं तिच्या सगळ्या चरित्रांत येतं. मजुराच्या घरात डुक्कर म्हणजे वर्षभराची बेगमी. आमचा असा अंदाज आहे की घरच्यांचा विरोध तिथून थोडा मवाळ झाला असावा. बक्षीस जर चांदीचा पेला असता तर कदाचित झाला नसता.

ही गोष्ट आम्ही हसवण्यासाठी सांगत नाही. अल्फोन्सिनाबद्दल जे लिहिलं-बोललं जातं त्यात जिद्द, धाडस, स्वप्न असे शब्द फार येतात. ती खोटी नाहीत. पण तिच्या कारकिर्दीकडे इतिहासाचे विद्यार्थी म्हणून पाहिलं की पहिली गोष्ट दिसते ती म्हणजे सायकल हा तिचा रोजगार होता. व्यावसायिक सायकलपटू म्हणतात तो असा. आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्यानं पूर्ण केली. फार मोठी गोष्ट. पण त्यांचा पेशा डॉक्टरचा. अल्फोन्सिनाला दुसरा पेशा होता तो शिवणकामाचा, आणि तो तिला नको होता.

पुढे ती तुरीन शहरात गेली. तिथं सायकल चालवणाऱ्या बाईकडे लोक जरा कमी टक लावून बघायचे, शिवाय तिथल्या गोल ट्रॅकवर बायकांच्या शर्यती तिकीट लावून होत असत. 1909 मध्ये ती रशियात सेंट पीटर्सबर्गला जाऊन शर्यत खेळून आली. 1911 मध्ये एका तासात 37 किलोमीटर 192 मीटर अंतर तिनं कापल्याचं सांगितलं जातं. अधिकृत दफ्तरात हा विक्रम नाही, असायचं कारणही नाही. आंतरराष्ट्रीय सायकल संघटना बायकांच्या तासाच्या विक्रमाची नोंद करायला लागली ती 1955 पासून. म्हणजे त्याआधी बाई कितीही वेगानं गेली तरी घड्याळ चालू होतं, वही मात्र बंद होती.

1915 मध्ये मिलान शहरात तिचं लग्न झालं. नवरा लुइजी स्त्रादा, धातूकाम करणारा कारागीर. लग्नात त्यानं तिला भेट दिली ती शर्यतीची नवी सायकल. आणि आडनावाची गंमत बघा, इटालियन भाषेत स्त्रादा म्हणजे रस्ता. कादंबरीत असं नाव ठेवलं तर लेखकानं जरा जास्तच केलं असं आपण म्हणू. तिच्या बाबतीत ते रीतसर नोंदलेलं आडनाव आहे.

आता आजचा खरा मुद्दा. अल्फोन्सिना पुरुषांच्या मोठ्या शर्यतींत दोन टप्प्यांवर उतरली, एकदा 1917-18 मध्ये आणि एकदा 1924 मध्ये. या दोन्ही वेळी दार उघडलं ते का, हे बघायला हवं. आमचं म्हणणं असं आहे की दोन्ही वेळा दार उघडलं ते माणसं कमी पडली म्हणून.

1917 चं घ्या. पहिलं महायुद्ध चालू होतं. ऑक्टोबरच्या अखेरीस कापोरेत्तोच्या लढाईत इटलीच्या सैन्याचा धुव्वा उडाला, लाखो सैनिक कैद झाले. त्यानंतर अवघ्या काही दिवसांनी, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मिलानमध्ये ‘जिरो दी लोम्बार्दिया’ ही एक दिवसाची शर्यत व्हायची होती, अंतर 200 किलोमीटरच्या वर. जवान पोरं आघाडीवर, काही मेलेली, काही लंगडी होऊन आलेली. शर्यत भरवणारं होतं ‘गाझेत्ता देल्लो स्पोर्त’ हे गुलाबी कागदावर छापलं जाणारं क्रीडा वृत्तपत्र. अल्फोन्सिना त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, माझं नाव घ्या. संयोजक आर्मांदो कुन्ये यांनी नियम काढून बघितले. बायकांना मनाई असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. मोठेपणानं लिहायचं राहिलं असं नव्हे, कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं की अशी मनाई लिहायची वेळ येईल. नाव घेतलं.

त्या शर्यतीत ती शेवटून पहिली आली, जिंकणाऱ्या फिलिप तीसच्या दीड तास मागे. हा बेल्जियमचा तीस त्याआधी दोनदा ‘टूर द फ्रान्स’ जिंकलेला गडी, तेव्हा मागे राहणं स्वाभाविकच. पण सुरुवात करणाऱ्यांतले कित्येक पुरुष वाटेत सोडून गेले आणि ती पोहोचली. पुढच्या वर्षी 1918 मध्ये ती पुन्हा उतरली. या वेळी एकविसावी, विजेत्या बेल्लोनीपासून फक्त 23 मिनिटं मागे, आणि शेवटच्या धावेत एका पुरुषाला मागे टाकून. दीड तासावरून 23 मिनिटं, एका वर्षात. आमच्या मते तिच्या कारकिर्दीतली क्रीडेच्या दृष्टीनं सर्वांत चांगली कामगिरी हीच आहे, 1924 ची नव्हे. पण लोकांना 1924 आठवतं, कारण त्यात नाट्य आहे.

युद्ध संपलं, पुरुष परत आले, दार लागलं.

आता 1924. ‘जिरो द इतालिया’ म्हणजे इटलीची प्रदक्षिणा. गाझेत्तानंच 1909 मध्ये ती सुरू केली. उद्देश साधा, पेपर खपवणं. रेडिओ घरोघरी आलेला नव्हता, शर्यतीत काय झालं ते कळायला सकाळी पेपर घ्यावा लागे. म्हणजे शर्यत हा पेपरचा माल होता आणि नामांकित सायकलपटू हे त्या मालाचं नाव. ही गोष्ट सायकलपटूंनाही कळत होती. 1924 मध्ये मोठ्या सायकल कंपन्यांचे संघ आणि त्यांचे बडे खेळाडू यांनी मानधनावरून संयोजकांशी भांडण केलं आणि शर्यतीवर बहिष्कार टाकला. आदल्या वर्षीचा विजेता कोस्तांते जिरार्देंगो नाही, ओत्ताव्यो बोत्तेक्या नाही. हा बोत्तेक्या त्याच उन्हाळ्यात टूर द फ्रान्स जिंकणारा पहिला इटालियन ठरला, त्यावरून कोण गैरहजर होतं याची कल्पना यावी.

पेपरवाले अडचणीत आले. त्यांनी जाहीर केलं, कुठल्याही संघात नसलेल्या एकट्या माणसानंही यावं, राहण्या-खाण्याची सोय आम्ही करतो. आता विचार करा, कोण येणार? बेकार, हौशी, खेड्यातले, दोन वेळच्या जेवणाची सोय होते म्हणून आलेले. 90 जण सुरुवातीच्या रेषेवर उभे राहिले. यादीत एक नाव होतं, स्त्रादा, अल्फोन्सिन. शेवटचा ‘आ’ गळालेला. त्या एका अक्षरानं बाईचं नाव पुरुषाचं वाटू लागतं. छपाईची चूक होती की संयोजकांनीच मुद्दाम झाकलं? आमचा कल दुसऱ्या बाजूला आहे. शर्यतीच्या आधी तीन-चार दिवस बातमी फुटली, बोभाटा झाला, आणि बोभाटा झाल्यावर पेपर जास्त खपला. तिला नंबर मिळाला 72.

शर्यत 10 मेला मिलानहून निघाली. 12 टप्पे, एकूण 3,613 किलोमीटर, 1 जूनला पुन्हा मिलान. एका दिवशी सरासरी 300 किलोमीटर. रस्ते डांबरी नव्हते, मुरूम-धूळ, पाऊस आला की चिखल. आज सायकलला हाताशी गिअर असतात, तेव्हा चढ आला की उतरून मागचं चाक काढायचं, उलटं करून बसवायचं, दुसऱ्या बाजूचा दात्यांचा चक्का चढासाठी. पंक्चरसाठी जादा टायर खांद्यावरून आडवे गुंडाळलेले. टप्पे बरेचदा मध्यरात्रीनंतर अंधारातच सुटायचे.

ती कशी चालवत होती? जिंकण्याचा प्रश्न नव्हता. पण पहिल्या काही टप्प्यांत ती शेवटची नव्हती, तिच्या मागे पुरुष होते, आणि रोज काही जण घरी जात होते. लोक रस्त्यावर उभे राहायचे ते बाई बघायला. काही टवाळी करायला येत, पण ती येईपर्यंत थांबत. शर्यत जिंकणारा जुसेप्पे एनरीची निघून गेलेला असायचा आणि लोक अजून उभेच.

आठवा टप्पा, लाक्विला ते पेरुज्या, डोंगराळ भाग, 296 किलोमीटर. वादळी पाऊस. ती पडली आणि सायकलचं हँडल तुटलं. काही जण ही गोष्ट सातव्या टप्प्यातली सांगतात, पण ज्या टप्प्यामुळे ती अधिकृत यादीतून गेली तो आठवा. वाटेत एका शेतकरी बाईनं झाडूचा दांडा दिला, तो तुटलेल्या हँडलच्या जागी बांधून ती पुढे निघाली. गुडघा सुजलेला, हातात झाडूचा दांडा, उतारावर ब्रेक धरायचा कसा याचा आम्हाला अजून अंदाज येत नाही. पेरुज्याला पोहोचली तेव्हा ठरलेली वेळ केव्हाच उलटून गेली होती.

नियमानं ती बाद. पंचांत वाद झाला. काहींचं मत पडलं, बाई गेली, बरं झालं, प्रकरण संपलं. गाझेत्ताचे संपादक एमिलियो कोलोम्बो वेगळं बोलले. तिला पुढे चालवू द्या, क्रमवारीत धरू नका, राहण्या-खाण्याचा खर्च आपण करू. यावर आमचे काही मित्र म्हणतात, बघा किती उदार माणूस. आम्ही एवढंच म्हणू की तो संपादक होता. ती गेली असती तर उरलेल्या चार टप्प्यांत पेपरला लिहायला काय होतं? पण एक गोष्ट कोलोम्बोच्या बाजूनंही सांगायला हवी. तिच्यावर उपकार झाले नाहीत, तिनंही रोज ते 300 किलोमीटर मोजून दिले. हा दोघांमधला व्यवहार होता आणि दोघांनाही तो कळत होता.

दहावा टप्पा बोलोन्या ते फ्यूमे, 415 किलोमीटर. एकोडीच्या हिशेबात सांगायचं तर साकोलीहून नागपूर साधारण शंभर किलोमीटर. म्हणजे नागपूरला जाऊन परत, पुन्हा नागपूरला जाऊन परत, मध्ये झोप नाही. तिला सुमारे 21 तास लागले. फ्यूमे हे शहर त्याच वर्षी करारानं इटलीत आलं होतं, तिथं लोक झेंडे घेऊनच उभे होते. रडत पोहोचलेल्या त्या बाईला लोकांनी सायकलसकट उचलून घेतलं.

1 जूनला मिलानला पुरुष पोहोचले 30. तीन आठवड्यांपूर्वी निघाले होते 90. आणि तिसावर एक, क्रमवारीत न धरलेली, विजेत्याच्या सुमारे 28 तास मागे, अल्फोन्सिना स्त्रादा. लोकांनी वर्गणी करून तिला दिलेली रक्कम 50,000 लिराच्या आसपास गेली असं सांगतात. पैशाची गरज होती. लग्नात सायकल देणारा लुइजी तोवर वेड्यांच्या इस्पितळात दाखल झालेला होता, तो खर्च तिच्यावर होता. तिच्याबद्दलच्या उत्साही लेखांत हा तपशील एका ओळीत उरकतात. आम्हाला तो मधोमध ठेवावासा वाटतो. रोज पहाटे अंधारात पायडल मारणाऱ्या त्या बाईच्या डोक्यात इतिहास घडवायचा विचार होता की महिन्याच्या इस्पितळाच्या बिलाचा, हे आपण कोण ठरवणार?

इथं थोडं विषयांतर करतो, पण लांब जात नाही. याच काळात आपल्या मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले होते. 15 ऑक्टोबर 1923 ला निघाले, इराण, इराक, इजिप्त करत इटलीतूनही गेले. त्यांतले तिघे, अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा, 18 मार्च 1928 ला प्रवास पुरा करून मुंबईत परतले. त्यांचं कौतुक आम्हाला कमी नाही, त्यांच्यावर वेगळं व्याख्यान व्हायला हवं. पण फरक असा की ते परत आले तेव्हा स्वागत झालं आणि प्रवास संपला. अल्फोन्सिनासाठी जून 1924 नंतर प्रश्न सुरू झाला, उद्या काय?

1925 मध्ये तिनं पुन्हा नाव दिलं. नाकारलं गेलं. यामागे फार खोल कारण शोधायची गरज नाही. बहिष्कार मिटला होता. जिरार्देंगो परत आला होता, आल्फ्रेदो बिंदा नावाचा नवा पोरगा आला आणि त्याच वर्षी जिंकलाही. पेपर खपवायला आता बाई नको होती. त्याआधी कोरा असलेला नियम आता भरला गेला. पुढे या बिंदाचं काय झालं तेही ऐका. तो इतका जिंकू लागला की शर्यतीतला रस गेला. तेव्हा 1930 मध्ये संयोजकांनी त्याला 22,500 लिरा दिले, कशाबद्दल, तर या वर्षी येऊ नकोस म्हणून. पहिल्या क्रमांकाच्या बक्षिसाएवढी रक्कम घरी बसायला. एकाला घरी बसण्याचे पैसे, दुसरीला फक्त नकार. हा व्यवसाय कुणाचा होता, हे या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की कळतं.

त्यानंतरची वर्षं चरित्रकार लवकर गुंडाळतात, कारण त्यात पराक्रम कमी आहे. तिनं नाटकगृहांत, सर्कशीत सायकलचे खेळ केले, रंगमंचावर फिरत्या रोलरवर सायकल मारली, फ्रान्स-स्पेनमध्ये प्रदर्शनी शर्यती खेळल्या. काही जण याला अधोगती म्हणतात. आम्हाला तसं वाटत नाही. तिला सायकलवर पोट भरायचं होतं, ते तिनं भरलं. शर्यतीचा रस्ता बंद झाला तर तंबूतला घेतला.

लुइजीच्या मृत्यूनंतर 1950 मध्ये तिनं कार्लो मेस्सोरी या जुन्या सायकलपटूशी लग्न केलं. तरुणपणी रशियाला गेलेल्या त्या दौऱ्यातला हा सोबती. दोघांनी मिलानमध्ये सायकलचं दुकान काढलं, विक्री आणि दुरुस्ती. तोही 1957 मध्ये गेला. ती दुकान चालवत राहिली. बायकांची पहिली रस्त्यावरची जागतिक अजिंक्यपद शर्यत फ्रान्समधल्या राँस इथं झाली ती 1958 मध्ये. लक्झेंबर्गची एल्सी जेकब्स जिंकली. अल्फोन्सिना तेव्हा 67 वर्षांची होती, मिलानच्या दुकानात.

13 सप्टेंबर 1959 ला ती वारेसे भागातली एक सायकल शर्यत बघायला गेली, स्वतःच्या मोटारसायकलवर. हो, या वयात मोटो गुझी बाळगून होती, मोठी जड गाडी. संध्याकाळी घरी परतल्यावर अंगणात ती गाडी सुरू करू लागली, गाडी कलली, ती सावरताना तिला हृदयविकाराचा झटका आला. वय 68.

शंभर वर्षांनी, 2024 मध्ये, बायकांचा जिरो एलिसा लोंगो बोर्गिनी या इटालियन बाईनं जिंकला. तिला पगार देणारा संघ आहे, गाडीत बसलेला मेकॅनिक आहे, हँडल तुटलं तर दहा सेकंदांत दुसरी सायकल हातात येते. पण पुरुषांच्या जिरोत सुरुवातीपासून शेवटपर्यंत रस्ता कापलेली बाई आजवर एकच आहे.

शेवटी एक प्रश्न आला आहे, मागच्या ओळीतल्या मुलीचा. तिच्या सायकलचं काय झालं? चांगला प्रश्न, मोठी माणसं हे विचारत नाहीत. कोमो सरोवराच्या वरच्या डोंगरात गिझाल्लो नावाचं ठिकाण आहे, तिथं माता मेरीचं एक लहानसं देऊळ आहे. 1949 मध्ये पोपनी तिला सायकलस्वारांची रक्षणकर्ती म्हणून जाहीर केलं. मोठमोठ्या विजेत्यांच्या सायकली तिथं भिंतीवर टांगलेल्या आहेत. अल्फोन्सिनाची सायकलही तिथंच, त्यांच्या ओळीत. चाकं आहेत, हँडल आहे. झाडूच्या दांड्याचं विचारू नकोस, तो बहुधा ज्या घरातून आला त्या घरी परत गेला असेल.